हक्क सत्याचे की माणसाचे?

एखाद्या विचाराशी लढावयाचे असेल तर तो त्याच्या सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत तर्ककठोर प्रवक्त्याच्या तोंडून ऐकून घ्यावा, हा वैचारिक वादाचा पहिला नियम होय. पुरोगामी वर्तुळांत तो फारसा पाळला जात नाही. विरोधक प्रतिगामी ठरला की तो ढोंगी, हितसंबंधी किंवा अडाणी असणारच असे गृहीत धरले जाते. त्यामुळे वाद लवकर संपतो, पण प्रश्न जागच्या जागी राहतो. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक चर्चमध्ये ज्या सुधारणा घडवून आणल्या, त्यांना या धर्मपंडिताने अखेरपर्यंत विरोध केला. वृत्तपत्रांनी त्यांना लॅटिन भाषेचे हट्टी कैवारी म्हणून रंगविले. डाव्यांनी हुकूमशहांचे भाट म्हणून निकालात काढले. दोन्ही चित्रांत तथ्य आहे, तथापि दोहोंतूनही त्यांचा मूळ प्रश्न निसटतो. हक्क असतात ते कोणाला? सत्याला की माणसाला? २५ मार्च १९९१ रोजी लफेव्र यांचे निधन झाले. हा प्रश्न मात्र चर्चच्या आत आणि बाहेर आजही उभा आहे, आणि समाज बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याचे उत्तर द्यावे लागते.

लफेव्र यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९०५ रोजी उत्तर फ्रान्समधील तुर्क्वँ या कापडगिरण्यांच्या शहरात झाला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, ९ डिसेंबरला, धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत करणारा कायदा फ्रेंच प्रजासत्ताकात अस्तित्वात आला. वडील गिरणीमालक, घर निष्ठावान कॅथलिक, आठ भावंडांपैकी पाच जणांनी धर्मसेवेची दीक्षा घेतली. याच रूबे-तुर्क्वँ पट्ट्यातील गिरणीमालकांच्या संघाने १९२४ मध्ये ख्रिस्ती कामगार संघटनांविरुद्ध थेट रोमकडे तक्रार गुदरली होती. संघटना बांधण्याचा कामगारांना हक्क आहे, असा निर्वाळा रोमने १९२९ मध्ये दिला. लीलचे बिशप आशील लिएनार यांनी तर संपकरी कामगारांच्या कुटुंबांसाठी उभारलेल्या मदतनिधीला उघडपणे हातभार लावला होता. त्याच लिएनार यांनी १९२९ मध्ये तरुण लफेव्र यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली, १९४७ मध्ये बिशपपदाचा अभिषेकही केला. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये, रोमच्या नोकरशाहीने आधीच ठरवून आणलेल्या समित्यांच्या याद्या नाकारून परिषदेला स्वतंत्र वळण देण्यात पुढाकार होता तो याच लिएनार यांचा. एकाच धुरकट गिरणगावाच्या आसमंतात कॅथलिक धर्माचे दोन मार्ग फुटले. एक संपाच्या दिशेने गेला, दुसरा सिंहासनाच्या.

एवढ्यावरून लफेव्र यांना गिरणीमालकांचे हस्तक ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्या वडिलांना नाझींनी प्रतिकार चळवळीतील कामाबद्दल पकडले आणि १९४४ मध्ये सोनेनबुर्गच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. लफेव्र स्वतः १९३२ मध्ये मिशनरी म्हणून गॅबनला गेले. तेथील जंगलपट्टीत त्यांनी तेरा वर्षे शिक्षक आणि धर्मसेवक म्हणून काढली. १९४७ पासून ते डाकार येथे होते आणि फ्रेंच आफ्रिकेतील पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी तेथील चर्चची मोठी बांधणी केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले सेनेगलचे इयासेंत तियांदूम हे १९६२ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी झाले. धर्मविचारात गुरूपासून दूर गेल्यावरही तियांदूम यांनी त्यांच्याविषयीचा आदर सोडला नाही आणि रोमशी समेट व्हावा म्हणून मध्यस्थीही करून पाहिली. साध्या राहणीचा, मृदू बोलणारा आणि कष्टाळू, असाच हा माणूस त्याच्या विरोधकांनीही वर्णिला आहे. दोष शोधावयाचा तर तो त्यांच्या स्वभावात सापडणार नाही, त्यांच्या सिद्धांतात शोधावा लागेल.

परिषदेने बदलले ते काय? उपासना लोकांच्या भाषेत करण्याची वाट मोकळी झाली. पोपबरोबर जगभरच्या बिशपांनाही सामूहिक जबाबदारी मिळाली. इतर ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्म यांच्याकडे केवळ चुकलेले म्हणून न पाहता संवादाचे सोबती म्हणून पाहावे, असे सांगितले गेले. आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी, परिषदेच्या समारोपाच्या आदल्या दिवशी, धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला. धर्माच्या बाबतीत राज्याने कोणावरही सक्ती करू नये, आणि हे स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेतूनच उगम पावते, हा त्याचा गाभा. या जाहीरनाम्याची वाट सोपी नव्हती. नोव्हेंबर १९६४ मध्ये अल्पमतातील सनातनी गटाने त्यावरील मतदान लांबणीवर टाकविले होते. त्या गटाच्या धुरीणांत लफेव्र अग्रभागी होते. ते अधिवेशन संपल्यावर पंधरवड्याच्या आत पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. डिसेंबर १९६४ च्या त्या भेटीत बहुसंख्य ख्रिस्तेतर लोकांच्या देशात विविध धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातील प्रार्थनेचा आधार घेतला आणि शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग जगातील दरिद्री जनतेसाठी काढून ठेवावा, असे आवाहन राष्ट्रांना केले. रोममध्ये कागदावर अडून पडलेला विचार मुंबईत आचरणात उतरलेला लोकांनी पाहिला.

लफेव्र यांना या सर्वांत खुपली ती धर्मस्वातंत्र्याचीच कलमे. उपासनेच्या सुधारणेसंबंधीच्या परिषदेच्या मूळ घटनेवर त्यांची स्वाक्षरी आहे, हे 'लॅटिनचा हट्ट' एवढ्यावरच वाद मिटविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. सत्याला हक्क आहेत, भ्रांतीला नाहीत. समाजाची शांतता राखण्यासाठी भ्रांती फार तर सहन करावी, तिला हक्क म्हणून मान्यता देऊ नये, ही त्यांची भूमिका होती. ही काही त्यांनी एकट्याने रचलेली नव्हे. नववे पायस यांनी १८६४ मध्ये आधुनिक प्रमादांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत असे स्वातंत्र्य धिक्कारलेले आहे. १९५३ मध्ये रोमचे कार्डिनल ओत्ताविआनी यांनी हेच सूत्र जाहीर व्याख्यानात मांडले. कॅथलिक बहुसंख्य असतील तेथे राज्य कॅथलिक असावे, आणि ते अल्पसंख्य असतील तेथे त्यांनी स्वातंत्र्य मागावे, असा या शिकवणीचा व्यवहार होता. अमेरिकेतील जेझुइट पंडित जॉन कोर्टनी मरे या दुटप्पीपणावर बोट ठेवू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात त्यांचे या विषयावरील लेखन थांबविण्यात आले. पुढे परिषदेचा जाहीरनामा घडला तो बऱ्याच अंशी त्यांच्याच विचारांतून. फ्रँकोच्या स्पेनमध्ये या सूत्राचा कायदा झालेला होता. १९४५ च्या सनदेने कॅथलिकेतरांना खासगी उपासनेची मुभा दिली, परंतु त्यांच्या धर्माचे कोणतेही बाह्य प्रदर्शन निषिद्ध ठरविले. प्रॉटेस्टंट माणसाने देवाला आळवावे, पण चार भिंतींच्या आत आणि रस्त्यावर ऐकू जाणार नाही अशा बेताने! परिषदेच्या जाहीरनाम्यानंतर, १९६७ मध्ये, स्पेनला हा कायदा बदलावा लागला. ज्यांना हा वाद पंडितांचा काथ्याकूट वाटतो त्यांनी त्या प्रॉटेस्टंट कुटुंबांची आठवण ठेवावी.

लफेव्र यांचा आक्षेप तर्काच्या दृष्टीने दुबळा नव्हता, हे येथे मान्य करावयास हवे. जे चर्च १८६४ मध्ये एका गोष्टीला प्रमाद म्हणते, तेच १९६५ मध्ये तिला माणसाचा हक्क म्हणत असेल, तर दोन्ही वेळा ते निर्दोष कसे? सुधारणावाद्यांनी 'शिकवणीचा विकास' असे उत्तर दिले. विकास म्हणजे बीजाचा वृक्ष. येथे तर आंब्याच्या कोयीतून फणस उगवल्यासारखे झाले होते. चर्चने आपली भूमिका बदलली, आणि बदलली तेच योग्य केले, असे सरळ म्हणण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखविले. लफेव्र मात्र सरळ बोलत. त्यांच्या मते परिषद म्हणजे चर्चमध्ये शिरलेली १७८९ ची राज्यक्रांती: धर्मस्वातंत्र्य ही तिची स्वतंत्रता, बिशपांची सामूहिक सत्ता ही समता आणि इतर पंथांशी संवाद ही बंधुता. त्यांनी हे शापवाणीने सांगितले; स्वातंत्र्य-समता-बंधुतेच्या पाईकांनी ते प्रशस्तिपत्र म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही. १९६५ मध्ये एका प्राचीन धर्मसंस्थेने राज्यक्रांतीच्या तत्त्वांशी तडजोड केली, ही गोष्ट अनेक पुरोगाम्यांच्या आधी आणि त्यांच्याहून स्पष्टपणे या सनातनी माणसाला कळली होती.

मग त्यांच्या सूत्रात चूक कोठे आहे? सत्य ही व्यक्ती नव्हे. त्याला तुरुंगात टाकता येत नाही, उपाशी ठेवता येत नाही, त्याच्या मुलांना शाळेतून काढता येत नाही. हक्क वापरणे आणि हक्क हिरावला जाणे या दोन्ही गोष्टी हाडामांसाच्या माणसाच्याच बाबतीत घडतात. म्हणून 'सत्याला हक्क आहेत' असे जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा व्यवहारात त्याचा एकच अर्थ उरतो: सत्य कोणते हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याला हक्क आहेत. सत्याच्या नावाने काढलेल्या प्रत्येक हुकुमावर शेवटी कोणत्या तरी कचेरीचा शिक्का असतो. मराठी आणि कोकणी माणसाला हे युरोपकडून शिकण्याची गरज नाही. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय मधला अल्प काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालू होते. नवख्रिस्ती माणसाच्या घरातील सणवार, खाणेपिणे, लग्नाच्या चालीरीती यांत 'भ्रांती' शोधण्याचे काम त्याने अडीच शतके केले. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचेच उच्चाटन करण्याचा हुकूम काढला. त्या न्यायाधीशांपैकी अनेक जण प्रामाणिकही असतील. सिद्धांत चुकीचा असला म्हणजे प्रामाणिकपणाने क्रौर्य कमी होत नाही. उलट ते अधिक काटेकोर होते.

दुसरे उत्तर लफेव्र यांच्या स्वतःच्या कर्मभूमीनेच दिले. इस्लामबहुल समाजाविषयी आणि 'आफ्रिकी समाजवादा'विषयी त्यांना गाढ अविश्वास होता. १९५९ च्या डिसेंबरात त्यांनी एका फ्रेंच कॅथलिक नियतकालिकात लिहिलेल्या लेखात मुस्लिम देशांना साम्यवादाचा मार्ग जवळचा वाटेल असे भाकीत केले. सेनेगलमध्ये त्यामुळे मोठी नाराजी पसरली. पुढच्याच वर्षी सेनेगल स्वतंत्र झाले. त्या मुस्लिमबहुल राष्ट्राने पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडला तो लिओपोल्ड सेंघोर हा कॅथलिक कवी, आणि तोही समाजवादी! सेंघोर वीस वर्षे त्या पदावर होते आणि १९८० च्या अखेरीस स्वेच्छेने पायउतार झाले. कॅथलिक धर्मच राज्याचा धर्म असावा असे मानणाऱ्या आर्चबिशपाच्या डोळ्यांदेखत मशिदीत नमाज पढणाऱ्या लाखो लोकांनी एका कॅथलिकाच्या हाती राज्य सोपविले. त्यांच्या सूत्राप्रमाणे मुस्लिम बहुसंख्येनेही 'सत्याला हक्क' असे म्हटले असते, तर सेंघोर निवडून आले असते काय? आणि लफेव्र यांनी उभारलेल्या धर्मशाळा तरी टिकल्या असत्या काय? दुसऱ्याने आपल्याशी ज्या तत्त्वाने वागू नये असे वाटते, ते तत्त्व विश्वाचा नियम म्हणून मांडता येत नाही.

सिद्धांतात रुजलेली ही चूक राजकारणात फोफावली. १९७० मध्ये लफेव्र यांनी दहाव्या पायसच्या नावाने धर्मगुरूंचा संघ काढला आणि स्वित्झर्लंडमधील एकोन येथे जुन्या पद्धतीचे शिक्षण देणारे विद्यालय चालविले. रोमची मनाई असताना २९ जून १९७६ रोजी त्यांनी तेथे तेरा जणांना दीक्षा दिली. जुलैमध्ये रोमने त्यांना निलंबित केले. २९ ऑगस्ट १९७६ रोजी त्यांनी लील शहरातील क्रीडागृहात हजारो लोकांसमोर मिस्सा अर्पण केली. हेच ते लील, जेथे लिएनार बिशप होते. त्या प्रवचनात लफेव्र यांनी आदर्श राज्यव्यवस्था म्हणून उदाहरण दिले अर्जेंटिनाचे: तेथे अराजक होते, आता सुव्यवस्था आणि तत्त्वनिष्ठ सरकार आहे, असे ते म्हणाले. ते सरकार म्हणजे मार्च १९७६ मध्ये सत्ता बळकावलेले लष्कर. जुलैच्या चार तारखेला ब्युनोस आयरिस येथील एका चर्चच्या निवासात तीन धर्मगुरू आणि दोन विद्यार्थी गोळ्या घालून ठार करण्यात आले होते. ऑगस्टच्या चार तारखेला, म्हणजे लीलच्या प्रवचनापूर्वी पंचवीस दिवस, गरीब शेतकऱ्यांची बाजू घेणारे ला रिओहाचे बिशप एन्रिके आंखेलेली यांचा मोटार 'अपघातात' अंत झाला. तो खून होता, हे अर्जेंटिनाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णायकपणे सांगितले आणि दोन माजी लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. लीलमध्ये बोलताना लफेव्र यांना हे सर्व ठाऊक नसेल. पण सुव्यवस्थेची स्तुती करण्यापूर्वी ती कोणाच्या छातीवर उभी आहे हे विचारण्याची गरजच त्यांच्या सिद्धांताला वाटत नव्हती. राज्य 'सत्या'च्या बाजूचे आहे ना, मग पुरे. पुढे फ्रान्समधील मुसलमानांविषयी काढलेल्या उद्गारांबद्दल १९९० मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्यांना दंड ठोठावला, हा त्याच वाटेवरचा शेवटचा मुक्काम होय.

त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठी विसंगती मात्र आज्ञापालनाच्या बाबतीत दिसते. १९५४ मध्ये रोमने फ्रान्समधील 'कामगार धर्मगुरूं'चा प्रयोग बंद पाडला. कारखान्यात मजुरी करून मजुरांमध्ये राहणाऱ्या या धर्मगुरूंवर एकाएकी तो मार्ग सोडण्याची वेळ आली. त्याच वर्षी ईव्ह काँगार या डॉमिनिकन पंडिताला अध्यापनातून दूर करण्यात आले. आज्ञापालन हाच कॅथलिकाचा धर्म असे तेव्हा सनातनी मंडळी बजावून सांगत होती. काँगार यांनी आज्ञा मानली आणि प्रतीक्षा केली. परिषदेने पुढे त्यांचेच विचार स्वीकारले. लफेव्र यांच्यावर तीच पाळी आली तेव्हा त्यांनी आज्ञा मोडली, कारण त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्यांना ती मान्य करू देत नव्हती. ३० जून १९८८ रोजी पोपच्या संमतीवाचून त्यांनी चार बिशपांचा अभिषेक केला आणि ते धर्मबहिष्कृत झाले. त्यांच्या या बंडाबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अधिकृत सत्तेपेक्षा आपली विवेकबुद्धी प्रमाण मानण्याचा हक्क त्यांना होताच. परंतु धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याला हक्क म्हणतो तो अखेर हाच! अधिकृत निर्णयानुसार ते भ्रांतीत होते. म्हणजे त्यांच्याच सूत्राप्रमाणे त्यांना कोणताही हक्क नव्हता. तरीही त्यांचे विद्यालय बंद करावयास पोलीस गेले नाहीत, कारण स्वित्झर्लंड आणि फ्रान्स येथील कायदा भ्रांती आणि सत्य यांत निवाडा करीत नाही. ज्या उदारमतवादाला ते आयुष्यभर शाप देत राहिले, त्याच्याच छपराखाली त्यांचा संघ वाढला.

येथवरची चिकित्सा पुरोगामी वाचकाला गोड वाटेल. यापुढची तितकी गोड नाही. लफेव्र यांच्यामागे जी हजारो माणसे गेली ती सर्व काही फ्रँकोची किंवा अर्जेंटिनाच्या सेनापतींची चाहती नव्हती. १५७० पासून स्थिर असलेल्या मिस्सेच्या विधीऐवजी सहाव्या पॉलने १९६९ मध्ये नवा विधी जारी केला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेरपासून तो अमलात येऊ लागला. बदलाच्या गुणदोषांची चर्चा पंडितांनी केली. ज्यांच्या ओठांवर ती प्रार्थना होती त्यांना मात्र कोणी विचारले नाही. आईच्या मांडीवर ऐकलेला, बापाच्या अंत्यविधीत म्हटलेला, अर्थ पुरता न कळताही अंतःकरणात मुरलेला विधी काही महिन्यांत 'जुना' ठरला. अनेक ठिकाणी वेद्या हलल्या, मूर्ती तळघरात गेल्या, आणि हळहळ व्यक्त करणाऱ्याला 'तुम्ही काळाच्या मागे आहात' असे ऐकावे लागले. १९७१ मध्ये इंग्लंडमधील लेखक-कलावंतांनी जुना विधी जिवंत ठेवावा म्हणून पोपकडे अर्ज केला; त्यावर कॅथलिक नसलेल्या अगाथा ख्रिस्ती यांचीही सही होती. त्या सहीमागे हुकूमशाहीचे प्रेम होते असे कोणी म्हणू शकणार नाही. माणसाला भाकरीइतकीच स्मृतीही लागते, एवढेच ते मागणे होते.

त्याच सुधारणेची दुसरी बाजू वसईत आणि गोव्यात दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत प्रसिद्ध केले. भाविक ख्रिस्ताची कथा आपल्या भाषेत ऐकत, गात. पण मुख्य उपासना पुढे साडेतीनशे वर्षे लॅटिनमध्येच राहिली. परिषदेनंतर वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत आली, गोव्यात कोकणीत आली. ज्या ख्रिस्ती समाजाकडे परक्यांचा धर्म पाळणारे म्हणून पाहिले जाई, त्याचे मराठीपण वेदीवर प्रतिष्ठित झाले. 'सुबोध बायबल' सिद्ध करणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, यामागेही त्या बदलाचा वाटा आहे. फ्रान्समधील वृद्धेला जी सुधारणा हानी वाटली तीच वसईच्या शेतकऱ्याला लाभ वाटली. दोन्ही अनुभव खरे होते. सुधारणा ज्यांच्या आयुष्यातून उगवते त्यांना ती मुक्ती वाटते. ज्यांच्यावर ती वरून येऊन पडते त्यांना ती जप्तीसारखी वाटते. जप्तीने दुखावलेला माणूस जो कोणी त्याचे दुःख ऐकून घेईल त्याच्या मागे जातो. त्याचे दुःख ऐकून घेणारा त्याला कोठे नेत आहे, हे त्याला पुष्कळदा उशिरा कळते.

लफेव्र यांचे यश नेमके यात होते. विधी हरवल्याचे दुःख आणि धर्मस्वातंत्र्याला विरोध या दोन निराळ्या गोष्टी त्यांनी एकाच गाठोड्यात बांधल्या. आणि सुधारणावाद्यांनीही ते गाठोडे सोडून पाहिले नाही. दुःखालाही प्रतिगामी म्हटले आणि ते लफेव्र यांच्या पदरात टाकले. नंतरचा इतिहास या चुकीचाच आहे. २००७ मध्ये सोळाव्या बेनेडिक्टने जुन्या विधीला मोकळीक दिली. २००९ च्या जानेवारीत त्यांनी चारही बिशपांवरील बहिष्कार उठविला. त्याच सुमारास त्यांपैकी रिचर्ड विल्यमसन यांनी ज्यूंच्या हत्याकांडातील वायुकक्ष नाकारल्याची मुलाखत प्रसारित झाली आणि जगभर संताप उसळला. पुढे २०१२ मध्ये खुद्द त्या संघाने त्यांना काढून टाकले. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मोकळीक पुन्हा आखडती घेतली. एका पोपने द्यावे, दुसऱ्याने काढावे! विधी म्हणणाऱ्या माणसाचा शब्द मात्र यांपैकी एकाही फर्मानात निर्णायक नव्हता. परिषदेने सहभागाचा उपदेश केला. तिच्या सुधारणा मात्र हुकुमाच्याच वाटेने खाली आल्या.

समाजवादी कार्यकर्त्याला हे प्रकरण परक्याच्या घरचे भांडण वाटू नये. 'सत्याला हक्क, भ्रांतीला नाही' हे सूत्र केवळ देवाच्या नावाने चालते असे नाही. इतिहास आपल्या बाजूचा आहे अशी ज्यांची खात्री झाली, त्या पक्षांनीही ते चालविले. पूर्व युरोपातील कम्युनिस्ट राजवटींनी 'कालबाह्य भ्रांती' म्हणून चर्चवर निर्बंध लादले. तेव्हा पोलंडच्या बिशपांना याच जाहीरनाम्याचा आधार वाटला. फ्रँकोचे पाद्री आणि वॉर्साचे कमिसार यांना एकाच कागदाने अडचणीत आणले, ही त्या कागदाची खरी कसोटी होय. ज्या तत्त्वाने फक्त आपला शत्रू बांधला जातो आणि आपण मोकळे राहतो, ते तत्त्वच नव्हे. भारतीय संविधानाने १९५० मध्ये पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य 'सर्व व्यक्तींना' दिले. सर्व सत्यांना दिले नाही. ज्यांना बहुसंख्येच्या धर्माला राज्याचा धर्म करावयाचा आहे, त्यांच्याशी वाद करताना हा भेद हाती धरावयास हवा, आणि आपल्या स्वतःच्या बैठकीतही तो विसरता कामा नये.

लफेव्र यांना उत्तर देणे म्हणूनच दुहेरी काम आहे. त्यांच्या सिद्धांताशी कोठेही तडजोड करता येणार नाही: हक्क माणसाचा, मग तो चुकत असला तरी; किंबहुना जो चुकत आहे असे बहुसंख्यांना वाटते त्याच्याच हक्काची राखण करावी लागते, इतरांच्या हक्काला राखणदार लागत नाही. पण त्यांच्या मागे गेलेल्या माणसाशी तितक्याच आस्थेने बोलावे लागेल. गावात अंधश्रद्धेविरुद्ध, जातीविरुद्ध, जुन्या रूढीविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्याने रूढीच्या सत्तेवर घाव घालावा. त्या रूढीभोवती एखाद्या म्हातारीने गुंडाळून ठेवलेली आठवण तुडवू नये. ती आठवण नव्या जीवनात कोठे ठेवता येईल हे तिलाच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत तिच्या ओसरीवर बसण्याची तयारी ठेवावी.